लेथ विकून सीएनसी घेऊ का?

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं आखूड करून देतो. (या धंद्यात नसलेल्यांसाठी: लेथ म्हणजे हाताने चालवायचं कातकामाचं मशीन, सीएनसी म्हणजे तेच काम संगणकाच्या प्रोग्रामवर करणारं.)

"माझं वय २९. अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, १९९४ पासून वर्कशॉप आहे. एचएमटीचा एनएच २२ लेथ, राजकोटचा एक आठ फुटी लेथ, रेडियल ड्रिल, शेपर आणि वेल्डिंग. काम बहुतेक द्राक्षबागांच्या ब्लोअरचं, एचटीपी (फवारणीच्या जास्त दाबाच्या) पंपांचं, ट्रॅक्टरचं. गळीत संपलं की साखर कारखान्याची थोडी दुरुस्ती. मी डिप्लोमा करून चाकणला चार वर्षं सीएनसी सेटर (मशीन कामाला लावून देणारा) होतो, आता गावी परत आलोय. कुपवाड एमआयडीसीतला एक कारखाना महिन्याला ६०० बुश (नळीसारखे पोकळ तुकडे) टर्निंगला, म्हणजे कातायला, द्यायला तयार आहे. बाहेर ४०, आत २५, लांबी ५० मिलिमीटर. माल त्यांचा, नगाला ३२ रुपये. सीएनसी टर्निंग सेंटरचं कोटेशन घेतलं, १८ लाख ५० हजार अधिक जीएसटी. मशीन विकणारा म्हणतो, तुमचा एचएमटी २ लाख ७५ हजारांना घेणारा माणूस आहे, ते पैसे डाऊन पेमेंटला लावा, मॅन्युअलचा जमाना गेला. अण्णा म्हणतात, आधी मला विक, मग लेथ विक. २२ वर्षं आमच्याकडे असलेले टर्नर मामा काहीच बोलत नाहीत. माझं चुकतंय का?"

लेथ विकू नका. सीएनसी घ्या, पण या ६०० बुशांच्या भरवशावर घेऊ नका. उत्तर एवढंच. पुढे आहे तो त्यामागचा हिशोब. तो अण्णांना आणि मामांनाही वाचून दाखवा, कारण त्यांच्या वाट्याची थोडी बोलणी त्यात आहेत.

तुम्ही सेटर होता, तेव्हा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. तुमच्या मापाच्या बुशाला चढवणं-उतरवणं धरून साडेचार मिनिटं धरू. ६०० नग म्हणजे ४५ तास. पैसे १९,२००. तासाला ४२७ रुपये पडले, दर वाईट नाही. आता दुसरी बाजू. मशीन जीएसटीसह २१ लाख ८३ हजारांना पडतं. त्यातले जीएसटीचे ३ लाख ३३ हजार पुढच्या बिलांतून वळते होतील, पण हळूहळू. आधी खिशातून जाणारच. समजा १८ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता ३८,७०० च्या आसपास. ऑपरेटरचे १८,००० (मशीनवर तुम्ही स्वतः उभे राहिलात तरी हे पैसे धरा, तुमचं पोट काही फुकट चालत नाही). वीज, इन्सर्ट (टूलला लावायची, झिजली की बदलायची पाती), कूलंट, तेल मिळून ८,०००. बेरीज साधारण ६५,०००. तिला ४२७ ने भागा. १५२ तास.

महिन्याचे २५ दिवस आठ-आठ तास धरले तर एका शिफ्टचे २०० तास होतात. सेटिंग, चहा, गेलेली लाइट, हरवलेला पाना हे सगळं वजा करून १६० हाताला लागले तर नशीब. म्हणजे शिफ्ट जवळजवळ काठोकाठ भरली तेव्हा कुठे तुमची बरोबरी होते. तुमच्या हातात आज ४५ तासांचं काम आहे. उरलेले १०७ तास कुठून आणणार, हे मशीन विकणाऱ्याने विचारलं नाही. त्याने ते विचारावं अशी माझी अपेक्षाही नाही, त्याला मशीन विकायचं आहे.

हेच बुश एचएमटीवर काढायचे म्हटलं, तर मामांचा हात कितीही चालला तरी नगाला १८ मिनिटं जातील. १८० तास. लेथ महिनाभर अडकला आणि तासाला १०७ रुपये सुटले. तोच लेथ तुम्ही दुरुस्तीच्या कामाला तासाला २०० रुपयांनी लावता. तेव्हा हे काम जुन्या लेथवर घेण्यात अर्थ नाही, हेही कागदावरच दिसतंय. अण्णा, हे तुमच्यासाठी: "होईल की आपल्या लेथवर" हे वाक्य या कामापुरतं मागे घ्या.

आता नगांचा हिशोब. पोरं हा बहुतेक वेळा अर्धाच करतात. एखादा साधा पायऱ्यांचा पिन घ्या. लेथवर बांधून कट सुरू करायला १५ मिनिटं, पुढे नगाला २०. सीएनसीवर प्रोग्राम लिहिणं, टूल लावणं, सॉफ्ट जॉ (जॉब धरणाऱ्या चकाचे मऊ जबडे) मापाने बोअर करणं, पहिला नग मापात बसवणं यात दोन तास, पुढे नगाला ४ मिनिटं. नुसता वेळ पाहिला तर सातव्या नगाला सीएनसी पुढे निघतं. पण लेथचा तास २०० चा आणि सीएनसीचा ४५० चा धरला, तर पैशांची बरोबरी व्हायला २४ नग लागतात. सात आणि चोवीस यांच्या मधल्या पट्ट्यात कितीतरी वर्कशॉपं फसलेली मी पाहिली आहेत: काम पटापट निघतं, मालक खूश असतो, आणि महिन्याच्या शेवटी पैसे कुठे गेले ते कळत नाही.

तोच पिन दोन महिन्यांनी परत आला तर मात्र चित्र फिरतं. प्रोग्राम साठवलेला आहे, जॉ नंबर टाकून कपाटात ठेवलेत, कुठलं टूल कितव्या घरात ते कागदावर आहे. सेटिंग ४० मिनिटांत उरकतं, आणि पैशांची बरोबरी चोवीसवरून थेट सातव्या नगावर येते. म्हणून मला तुमच्या ६०० या आकड्याचं फारसं कौतुक नाही. ३०-३० नगांचे बारा जॉब दर दोन महिन्यांनी परत येत असतील, तर मी तुम्हाला उद्याच मशीन घ्यायला सांगेन. एकच ६०० चा जॉब आणि त्याचा एकच मालक असेल, तर तो मालक तुमचं मशीन चालवणार, तुम्ही नाही. माझ्या ओळखीच्या एकाने असंच तोंडी शब्दावर दोन मशीनं बसवली. दीड वर्षाने गिऱ्हाइकाचं मॉडेल बदललं, तो पार्टच गेला. हप्ते राहिले.

तेव्हा पहिलं काम. अण्णांची मागच्या बारा महिन्यांची बिलबुकं काढा. प्रत्येक बिलावर लाल किंवा निळी खूण करा. एकदाच आलेलं काम लाल, परत आलेलं किंवा येऊ शकणारं निळं. शेवटी रुपयांची बेरीज करा, बिलांची नको. माझा अंदाज, तुमच्याकडे लाल रंग बराच निघेल. आणि त्या लाल रंगावरच तुमचं घर चाललंय.

ते काम कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे, पण चाकणच्या चार वर्षांत थोडं विसरला असाल. ऑक्टोबर छाटणी झाली आहे, पाऊस नको तेव्हा पडून गेला आहे, डाऊनी रोगाची फवारणी सकाळी सहाच्या आत झालीच पाहिजे, आणि रात्री साडेनऊला एक बागायतदार ब्लोअरचा शाफ्ट घेऊन दारात उभा राहतो. बेअरिंग ६२०६, म्हणजे सीट ३० मिलिमीटरची हवी. ती फिरून फिरून २९.७ झाली आहे. ड्रॉइंग नाही. शाफ्ट कुठल्या मटेरियलचा, कुणाला ठाऊक नाही. तो थोडा वाकलेलाही आहे, पण ते तुम्हाला डायल लावल्यावर कळणार. मामा आधी वेल्डिंगचा भर देऊन घेतात, चार जबड्यांच्या चकात धरून जुन्या चांगल्या भागावर सेंटरिंग करतात, भरावाचा खडबडीत, मध्येच कडक मध्येच मऊ लागणारा थर आवाज ऐकत ऐकत उतरवतात आणि ३०.०१ वर आणून थांबतात. बेअरिंग थोपटून बसतं. पाऊण तास. शेतकरी पैसे देतो, मोजत नाही.

हे काम सीएनसीला जमत नाही असं नाही. पण त्या शाफ्टचा प्रोग्राम लिहून, शून्य पकडून, वाकडेपणा सांभाळून पहिला कट घेईपर्यंत मामांचा शाफ्ट ट्रॅक्टरला लागलेला असेल. शिवाय तेव्हा सीएनसीवर बुशाचं सेटिंग चढलेलं असणार, ते मोडायचं का? एनएच २२ गेला की तुमचं हे गिऱ्हाईक गेलं. ते एकदा दुसऱ्या वर्कशॉपची पायरी चढलं की परत येत नाही. २ लाख ७५ हजारांना तुम्ही लेथ विकत नाही, तीस वर्षांचं गिऱ्हाईक विकताय.

"मॅन्युअलचा जमाना गेला" याविषयी थोडं. अमेरिकेतल्या एमआयटीत पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं ते १९५२ साली, छिद्रं पाडलेल्या टेपवर चालायचं ते. पुढच्याच वर्षी, १९५३ ला, बंगळुरात एचएमटी सुरू झाली. सत्तर वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालली आहेत. ज्या टूलरूममध्ये पंधरा सीएनसी आहेत, तिथेही कोपऱ्यात एक साधा लेथ असतो आणि त्याच्यापाशी रांग असते.

आता अण्णांकडे वळतो, कारण ते ऐकून खुशीत आले असतील. अण्णा, "सीएनसीवाले नुसती बटणं दाबतात" असं तुम्ही म्हणत असाल, तर ते सोडा. ४० मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने कापायचा तर मिनिटाला २५ मीटरचा वेग धरतात, म्हणजे २०० फेरे. कार्बाइड इन्सर्टला १८० मीटर सहज चालतो, म्हणजे १,४३० फेरे. तीस वर्षं चाललेल्या लेथवर, उघड्या चकासमोर उभं राहून दिवसभर हा वेग ओढणं शहाणपणाचं नाही. फेसिंग करताना टूल मध्याकडे सरकतं तसा व्यास कमी होतो आणि कापण्याचा वेग पडतो. मधली जागा खरबरीत राहते ती त्यामुळे. सीएनसी टूल आत जाईल तसे फेरे आपोआप वाढवत नेतं. आटे पाडायला गिअर बदलत बसावं लागत नाही. टेपर, गोलाई, बॉल एंड ही कामं हाताने करायला अर्धा दिवस जातो, तिथे प्रोग्रामच्या दोन ओळी असतात. आणि या बुशाचा आतला २५ चा बोअर एच७ (मापात किती फरक चालेल त्याची एक ठरलेली श्रेणी) मागितला असेल, तर सगळा खेळ २१ मायक्रॉनमध्ये, म्हणजे २१ हजारांश मिलिमीटरमध्ये आहे. मामा तो बोअर काढतील. दहा काढतील, पन्नास काढतील. सहाशेवा संध्याकाळी साडेसहाला काढताना हात थकलेला असतो, डोळे थकलेले असतात. सीएनसीवर इन्सर्ट झिजून माप सरकायला लागलं, की ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या मापाच्या दुरुस्तीच्या रकान्यात, एक शतांश मिलिमीटर टाकायचा आणि पुढे जायचं. थकणं हा त्या मशीनचा विषयच नाही.

मात्र भीती वाटणं हाही त्याचा विषय नाही. नव्वदच्या दशकात मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये होतो. लेथवर सात वर्षं काढून नुकताच सीएनसीवर आलो होतो. प्रोग्राममध्ये एक्स ५० लिहिलं आणि पुढचा दशांश बिंदू राहिला. त्या कंट्रोलरवर बिंदू नसला की आकडा मायक्रॉनमध्ये धरला जायचा. ५० मिलिमीटरवर थांबायचं ते टूल पाच शतांश मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ मध्यावर जायला पूर्ण वेगात निघालं. मधे जॉब होता. त्या आवाजाने अख्खी शॉप थांबली. टरेटचं (टूलं धरणाऱ्या फिरत्या डोक्याचं) अलाइनमेंट गेलं, मशीन चार दिवस बंद. लेथवर असताना चाक माझ्या हातात असायचं, टूल जवळ आलं की हात आपोआप मऊ व्हायचा. तिथे हात नव्हता. तुम्ही सेटर आहात, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ चालवत) आणि रॅपिड (मोकळ्या धावेचा वेग) कमी ठेवून पहिला नग काढायचा हे तुम्हाला शिकवायला नको. पण तुम्ही बाहेर गेल्यावर मशीनवर कोण असेल, ते ठरवून ठेवा.

मधल्या वाटेबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. एचएमटीवर दोन अक्षांचा डीआरओ बसवा. डिजिटल रीडआउट. पाच मायक्रॉनच्या स्केल, समोर आकड्यांचा डबा. सीएनसीच्या एक-दोन हप्त्यांएवढ्या पैशांत काम होतं. स्क्रूला चाल (झिजून आलेला मोकळा खेळ) किती आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, कारण तो स्क्रूचे फेरे मोजत नाही, स्लाइड प्रत्यक्षात किती सरकली ते मोजतो. मामांचा दर नगामागचा मोजण्याचा वेळ निम्म्यावर येईल. डायलवरच्या बारीक रेघा वाचायला त्यांना चष्म्यावर भिंग धरावं लागत असेल, तर त्यांचं गप्प बसणंही कदाचित थोडं कमी होईल.

त्याआधी लेथ त्या लायकीचा आहे का ते पाहा. पन्नासचा बार चकात धरा, १५० मिलिमीटर बाहेर ठेवा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा टेकू) लावू नका. मधला भाग थोडा उतरवून दोन्ही टोकांना पट्टे ठेवा आणि एकाच बसणीत दोन्ही पट्ट्यांवरून अगदी बारीक कट घ्या. मायक्रोमीटरने मोजा. फरक १०-१५ मायक्रॉनच्या आत असेल तर लेथ तरुण आहे. जास्त असेल, तर बेड चकाजवळ झिजला आहे की लेथची लेव्हल गेली आहे ते आधी बघा. कित्येकदा दोष बेडचा नसतो, एका पायाखालची पट्टी सरकलेली असते.

कॅप्स्टन किंवा ट्रॉब (एकसारखे नग काढायचे सीएनसीच्या आधीचे लेथ) घे, असंही तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. पूर्वी अशी ढिगाने येणारी कामं त्यांवरच व्हायची आणि ती मशीनं आज भंगाराच्या भावात मिळतात. पण ट्रॉबचे कॅम बदलून किंवा कॅप्स्टनचं सेटिंग करणारा माणूस आता शोधून सापडत नाही. नको.

मग कुपवाडचं काम सोडायचं? नाही. पुढचे सहा महिने ते घ्या आणि दुसऱ्याच्या सीएनसीवर काढा. कुपवाड, मिरज, पलूस, कुठेही एखाद्या मशीनवाल्याकडे दुसरी शिफ्ट रिकामी असतेच. तासाला ३८० ला बोलणी झाली तर ४५ तासांचे १७,१०० जातील, तुमच्या हातात २,१०० उरतील. नेण्या-आणण्याचा टेम्पो धरला तर तेही नाही. हसू नका. त्या पैशांत तुम्हाला तीन गोष्टी कळतात. सायकल खरोखर साडेचार मिनिटांची आहे की सहाची. गिऱ्हाईक ६०० म्हणून ६०० देतं की एका महिन्यात ६०० आणि पुढच्या महिन्यात १५०. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ते पैसे कधी देतं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण वर्कशॉप बुडतात ती मशीनमुळे क्वचित, उधारीमुळे नेहमी. बँकेचा हप्ता महिन्याच्या ठरल्या तारखेला जातो. गिऱ्हाईक "नव्वद दिवस" म्हणतं. मधल्या तीन महिन्यांचा हप्ता, पगार आणि इन्सर्ट तुम्ही कशातून देणार? उद्यम (सरकारची छोट्या उद्योगांची) नोंदणी केली नसेल तर या आठवड्यात करा. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. पुढे व्याज लागतं. हा कायदा गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायचा नसतो, पण पहिल्या पर्चेस ऑर्डरवर "४५ दिवस" लिहून घ्यायला तो कामाला येतो. आणि ऑर्डर लेखीच हवी. महिन्याचं शेड्यूल, नगाचा दर, रिजेक्शन झाल्यास मालाची किंमत कुणी सोसायची, हे कागदावर. माल त्यांचा आहे, म्हणजे बिघडलेल्या बुशाचा ३२ रुपयांचा नव्हे, अख्ख्या तुकड्याच्या किमतीचा प्रश्न येणार.

सहा महिन्यांत दुसरं आणि तिसरं गिऱ्हाईक शोधा. निळ्या खुणांच्या बिलांत ते सापडेल असं मला वाटतं. एचटीपी पंपाचे पिस्टन, स्लीव्ह, ब्लोअरचे शाफ्ट, पुलीचे हब: तुम्ही एकेक दुरुस्त करता ते पार्ट तालुक्यात हजारोंनी फिरताहेत. तेच २५-२५ चे लॉट तयार करून दुकानांत ठेवले, तर तो माल तुमचा, दर तुमचा. ३२ रुपयांच्या जॉबवर्कपेक्षा मला तुमच्या सीएनसीचं भविष्य तिथे जास्त दिसतं. बुश सोडून, मोजून १०० तासांचं परत येणारं काम हातात आलं की कर्जाला जा. आणि गेलात की बाग तारण ठेवू नका. छोट्या उद्योगांच्या विनातारण कर्जाला सीजीटीएमएसई या पतहमी ट्रस्टची हमी मिळते. बँकेतला माणूस आपण होऊन सांगणार नाही, तुम्ही विचारा.

कोटेशनमध्ये न दिसणारे खर्च आत्ताच जमवायला लागा. विजेचा दाब स्थिर ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर लागेल, आणि गावाकडच्या फीडरवर तो चैनीचा भाग नाही. लाइट गेली तर लेथ थांबतो आणि आली की परत चालतो; सीएनसी आटे पाडताना थांबलं तर जॉब आणि इन्सर्ट दोन्ही जातात. मशीनला स्वतंत्र अर्थिंग घ्या. भार वाढवताना लक्ष ठेवा: लघुदाब औद्योगिक जोडणीचा मंजूर भार २० किलोवॉटच्या वर गेला की महावितरणचा स्लॅब बदलतो आणि डिमांड चार्ज सुरू होतो. बोअर गेज, मायक्रोमीटर, प्लग गेज हवेत. एच७ व्हर्नियरने पास करून पाठवलात तर पहिल्याच लॉटला माल परत येईल.

आणि भिंत बांधा. तुमच्या शेडमध्ये वेल्डिंग आणि हँडग्राइंडर चालतात. ग्राइंडरची धूळ म्हणजे उडणारी पॉलिश पावडर, ती स्लाइडवर बसली की मशीन आतून घासत राहते आणि दोन वर्षांनी माप का धरत नाही म्हणून तुम्ही डोकं धरता. वेल्डिंगची अर्थ-क्लॅम्प तर चुकूनही सीएनसीला लागता कामा नये, बॉल स्क्रूच्या आणि स्पिंडलच्या बेअरिंगमधून करंट गेला की संपलं. विटांची भिंत, दार, आणि विजेच्या पॅनेलला गार वारा. मार्च ते मे तासगावची हवा काय असते ते मी सांगायला नको.

जुनं सीएनसी निम्म्याहून कमी किमतीत मिळतं, त्याला माझा विरोध नाही. हप्ता निम्मा झाला की लागणारे तासही बरेच खाली येतात. फक्त ते तुमच्यासारख्या सेटरनेच घ्यावं. चालू करून पाहा, व्हिडिओवर विश्वास ठेवू नका. डायल लावून दोन्ही अक्षांची चाल, म्हणजे मोकळा खेळ, मोजा. स्पिंडल तासभर जास्तीत जास्त फेऱ्यांवर ठेवा, मग थांबवून नाकाजवळ, म्हणजे चकाकडच्या टोकाला, हात ठेवून बघा किती तापतो. टरेट वीस वेळा फिरवून तेच टूल त्याच जागी येतं का ते तपासा. स्लाइडला तेल पोचतंय का ते कव्हर काढून बघा. पॅरामीटरचा (मशीनच्या मूळ सेटिंगच्या आकड्यांचा) बॅकअप मागा. "नाही" म्हणाले तर किंमत पाडा. कंट्रोलरची बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारा आणि ती मशीन चालू असतानाच बदलायची हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळी मेमरी पुसलेलं लोखंड घरी येतं.

राहिले मामा. ते गप्प आहेत याचा अर्थ ते तुमच्या विरोधात आहेत असा घेऊ नका. लेथ विकला तर ते कुठे उभे राहणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नसणार. आज संध्याकाळी सांगा, लेथ राहणार आहे. मग डीआरओवाला येईल तेव्हा त्यांना शेजारी उभं करा. आणि दुसऱ्याच्या सीएनसीवर पहिला लॉट काढायला जाल, तेव्हा त्यांना सोबत न्या. पातळ बुश चकाच्या दाबाने तिकोनी होतो आणि सोडल्यावर बोअर गोल राहत नाही, हे तुमच्या स्क्रीनवर दिसणार नाही. मामा नग हातात घेऊन सांगतील, दाब किती कमी करायचा ते.

डीआरओ बसवताना मागच्या बाजूची स्केल टेलस्टॉकच्या वाटेत येणार नाही अशी लावून घ्या, बसवणारे घाईत तिथेच लावतात. आणि त्या १५० मिलिमीटरच्या बारची दोन्ही मापं मला कळवा. मोजताना मायक्रोमीटर अण्णांच्या हातात द्या.